धुराड्याच्या बंगल्याला लागलेला लोणा

थंडी पडली की आमच्या भागात लोकांना हुरडा आठवतो, बोरं आठवतात, येळवशीची भज्जी आठवते. मला सूड आठवतो. लपवायचं कशाला? माझी पन्नाशी उलटली आहे, मराठी शाळेत शिकवते, ‘क्षमा’ या विषयावर दरवर्षी मुलांकडून निबंध लिहून घेते आणि बऱ्या निबंधाला बरे गुणही देते. पण मार्गशीर्ष सरत आला, तुरीच्या शेंगा टचटचीत भरल्या, शाळू पोटऱ्यात आला, की एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर माझे पाय माळावरच्या बंगल्याकडे वळतात. त्याच्या दक्षिणेच्या भिंतीला लोणा किती चढला ते बघायला मी जाते.

भिंतीच्या पोटातली ओल बाहेर येताना पांढरं, खारट पीठ घेऊन येते, तो लोणा. बोट लावलं की गिलावा भुगा होऊन पडतो. मी नोकरीला लागले तेव्हा तो माझ्या घोट्याइतका होता. माझं लग्न झालं त्या थंडीत गुडघ्याशी आला. मुलगी झाली तेव्हा मांडीला. यंदा छातीला लागलाय. दरवर्षी मी त्याच एका जागी, भिंतीला खेटून उभी राहते आणि हात आडवा धरून मोजते. मला आनंद होतो, चांगला पोट भरून होतो. कुणी बघत नसेल तर मी हसतेसुद्धा.

कर्नाटकाच्या हद्दीतल्या कोहिनूर गावच्या बाजारातून आमच्या गावाकडे येताना डाव्या हाताला माळ लागतो, त्या माळावर हा बंगला आहे. निजामाच्या चाकरीत असलेल्या एका इंग्रज साहेबाने तो बांधला. साहेबाचं नाव फाटकावरच्या निळ्या पाटीवर आहे. ही वास्तू संरक्षित आहे, तिला इजा करणाऱ्याला शिक्षा होईल, असंही तिथंच लिहिलंय. पाटी कन्नडात आणि इंग्रजीत आहे. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना पहिलं वाचता येत नाही आणि बाकीच्यांना दुसरं, त्यामुळे सगळ्यांनी मिळून त्याला ‘धुराड्याचा बंगला’ असं सोपं नाव ठेवलं.

साहेबाने म्हणे आपल्या मुलखातलं गावाकडचं घर डोळ्यांसमोर ठेवलं आणि तसंच्या तसं इथं उठवलं. आठवणीतून घर बांधणारा माणूस भोवती बघत नाही. तिकडे बर्फ पडतो, तो घसरून जावा म्हणून छप्पर उभट उतरतं केलं. इथं चार-पाच वर्षांतून एकदा गारा पडतात, त्याही लिंबाएवढ्या, त्या कौलं फोडून सरळ आत जातात. तिकडे ऊन मिळावं म्हणून माणसं जीव टाकतात, म्हणून दक्षिणेकडे भिंतीबाहेर पोट काढलेली भली मोठी खिडकी ठेवली. इथं त्या खोलीत फाल्गुनातच भाजून निघायला होतं. खोलीखोलीत शेकोटीसाठी कोनाडे, त्यांवर काळ्या दगडाच्या चौकटी, आणि वर आकाशात तीन धुराडी. दाराशी ओले कोट नि चिखलाचे बूट ठेवायला वेगळी खोली. आमच्याकडे पाऊस आला तर माणूस कोट काढायला आत पळत नाही, अंगणात उभा राहून भिजतो.

बांधकाम मात्र देखणं होतं, हे शत्रूच्या घराबद्दल असलं तरी म्हणायला हवं. शत्रू साहेब नव्हताच, खऱ्या शत्रूकडे मी पुढं येते. लाल जांभ्या दगडाच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा, खिडक्यांना तळहाताएवढ्या काचांची जाळी. समोरून पाहिलं तर दाराच्या एका अंगाला तीन खिडक्या आणि दुसऱ्या अंगाला तीन. त्यातली शेवटची खोटी. तिच्यामागे जिना येतो, तिथं खिडकी जमत नव्हती, म्हणून नुसती चौकट बसवून भिंतीवर काळ्या काचा रंगवल्या. चेहरा दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे ना! लहानपणी मी त्या खोट्या खिडकीसमोर तासन्‌तास उभी राहायची, कुणीतरी आतून उघडेल म्हणून. बाकीच्या पाच खिडक्यांना पितळी कड्या होत्या. मेंढ्याच्या शिंगासारख्या आत वळलेल्या, जड, हात लागून लागून पिवळ्याधमक झालेल्या.

त्या कड्यांपायी माझ्या आईचं नाव गेलं.

आम्ही मेंढरंवाले. आजोबांच्या काळात कळप होता, दुष्काळात गेला, मग दोन एकर कोरडवाहू आणि उरलेली मजुरी. माझी आई लचमाबाई. ती लग्नाआधीपासून चुन्याच्या कामावर जायची. एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रीच्या हाताखाली ती चुना शिकली. कळीचा चुना खड्ड्यात विझवायचा, महिनाभर पाण्याखाली मुरवायचा, मग बैलाच्या घाण्यात वाळूबरोबर दळायचा, दळताना गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर. किती आणि कधी, ते हातच सांगायचे. थापीला चिकटला तर अजून कच्चा, थापीवरनं घसरून आला तर झाला. आई चिमूट उचलायची, बोटांत फिरवायची, वास घ्यायची आणि म्हणायची, “आजून चार दीस झोपू द्या त्याला.” मिस्त्री वारला, आणि मग ती विद्या आमच्या पंचक्रोशीत एकट्या आईच्या बोटांत राहिली.

मी सातवीत होते त्या थंडीत बंगला संरक्षित झाला. निळी पाटी लागली आणि दुरुस्ती निघाली. काम घेतलं माणिकप्पा नावाच्या गुत्तेदाराने. आमच्याकडे ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, बायांना ‘ए’ म्हणूनच हाक मारायचा. शाळा सुटली की मी आईकडे तिथंच जायची. अजून तो वास नाकात आहे, ओल्या चुन्याचा आणि गुळाचा, सणासारखा.

बाकीच्या भिंती चुन्यानं झाल्या, पण पुढं माणिकप्पाला महिनाभर चुना झोपू द्यायला सवड उरली नाही. त्यानं सिमेंटची पोती आणली आणि दक्षिणेच्या भिंतीचा जुना गिलावा खरवडायला घेतला. त्याच दिवशी पुरातत्त्व खात्याचे साहेब बघायला आले. आई घमेलं घेऊन चालली होती, ती थांबली. साहेबांना हिंदी कळत होती, पण आई आपल्या बोलीतच बोलली, माणिकप्पाकडे बघून.

“अण्णा, ह्या भिंतीला शिमिट कामून लावायलाव? चुन्याची भिंत सास घेती. तुमी तिचं नाक दाबायलाव. आतल्या आत कुजंल की ती.”

साहेबांनी विचारलं, बाई काय म्हणते? माणिकप्पा हसला आणि म्हणाला, पगार वाढवून मागते. पण साहेबांबरोबरचा कारकून लातूरकडचा होता, त्यानं खरं ते सांगितलं. साहेब नुसते माणिकप्पाकडे बघत राहिले. मजुरांच्या देखत. एवढंच झालं, सिमेंट काही थांबलं नाही. एका घमेलंवालीमुळे माणिकप्पाची मान खाली गेली, आणि मान खाली गेलेला गुत्तेदार काय करतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चार कड्या नाहीशा झाल्या. त्यानं सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि झडती फक्त आईची घेतली. तिच्या टोपल्यातलं फडकं ओढलं, टोपलं उलटं केलं. त्यातनं दोन भाकरी, मिरचीचा ठेचा आणि एक कांदा पडला, थेट चुन्याच्या वाफ्यात. कड्या नव्हत्याच. “लपीवल्या आसत्याल रांडंनं,” तो म्हणाला. “धनगराची जात. मेंढरू गिळून ढेकर न द्येनारी.” मी पायरीवर उभी होते. भाकरी चुन्यात बुडताना आवाज येत नाही, ती हळूहळू पांढरी होत जाते. आई वाकली, तिनं भाकरी उचलल्या, परत टोपल्यात ठेवल्या आणि माझा हात धरून निघाली. रस्त्यात मीच रडत होते.

येळवस कशी असते ते लातूर-उदगीरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग जेवण. भज्जी म्हणजे बेसन लावून एकत्र शिजवलेल्या सगळ्या भाज्या, बाजरीचे उंडे, खिचडा, खीर, आणि मडकं भरून आंबिल, ताकातलं ज्वारीच्या पिठाचं पातळ पेय. आपल्या शेतात जेवायचं, मग शेजाऱ्याच्या, मग त्याच्या शेजाऱ्याच्या. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून कोपीत आणायचं. त्या दिवशी ज्याच्या शेतात पाहुणा आला नाही त्याच्यासारखा करंटा नाही.

कड्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या कोपीत कुणी आलं नाही. आईनं नेहमीसारखी भज्जी केली होती, सोळा भाज्यांची, वरून तुरीचे नि वाटाण्याचे दाणे. दोन्ही बांधांवरून माणसं जात होती. वडील उठून हाका मारत होते, “या की पाटील, या की मामा.” लोक लांबूनच हात हलवायचे, “झालंय, झालंय, प्वाट भरलंय.” उन्हं कलली. वडिलांनी हाका मारायचं थांबवलं. आई आंबिलाच्या मडक्यापाशी बसून होती, वाढायचं वगराळं हातात. शेवटी तिनं ते आंबिल बैलांपुढं ओतलं. गावातल्या बाया तिला ‘कडीची लचमा’ म्हणायच्या, ती लग्नघरी भाकरी थापायला गेली की कपाटाला कुलूप लागायचं. मला वर्गात मुलं दाराची कडी वाजवून दाखवायची. पुढं वर्षं गेली, लोक विसरले, येऊ लागले, जेवू लागले. आई ते विसरलेली नाही. मी तर नाहीच.

कड्या कुठं गेल्या ते मला पुढं कळलं, सरकारी कामामुळे. मास्तरीण झाल्यावर मतदारयादीचं काम माझ्याकडे आलं, आणि यादी घेऊन मी घरोघर फिरत माणिकप्पाच्या नव्या, दुमजली घरात पोचले. त्यानं मला ओळखलं नाही. बसा म्हणाला, चहा सांगितला. मी नाव, वय, बापाचं नाव लिहून घेत होते आणि मान वर केली तर समोर देवघराची खिडकी. तिला मेंढ्याच्या शिंगासारखी आत वळलेली पितळी कडी. शेजारच्या खिडकीला दुसरी. जिन्याच्या खिडकीला उरलेल्या दोन. रांगोळीनं घासून लख्ख ठेवलेल्या. माझ्या हातातलं पेन थांबलं. “काय झालं, मॅडम?” त्यानं विचारलं. मी म्हणाले, काही नाही, सही करा. चहा मी प्यायले, पूर्ण प्यायले, थुंकायची इच्छा असताना. 

घरी येऊन आईला म्हटलं, उद्याच अर्ज देते, पंचनामा होऊ दे. आई शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

“दे की आर्ज. कड्या त्याच्या घरात घावल्या मंजी लोक काय म्हंतील? लचमीनं चोरल्या, त्याला इकल्या. मी सुटते व्हय त्यातनं?” मग थोड्या वेळानं म्हणाली, “त्याच्या त्वांडानंच बाहीर आलं पायजे. चार मानसांम्होरं. दुसरं कायबी नगं मला.”

तिचं खरं होतं. ज्या तोंडानं नाव घालवलं त्याच तोंडानं ते परत द्यावं लागतं, मध्ये कोर्ट-कचेरी काही कामाची नाही. पण ते तोंड का म्हणून उघडेल? तेव्हापासून माझ्या हातात उरली ती भिंत. आई म्हणाली होती कुजेल, आणि ती कुजत होती. आईला खरं म्हणणारी पंचक्रोशीत ती एकटीच साक्षीदार होती. म्हणून मी दर थंडीत तिच्याकडे जाते. लोक देवळाला जातात तशी जाते म्हणा ना. जांभ्याचा दगडच आता भुगा व्हायला लागलाय, गेल्या पावसाळ्यात पोट काढलेल्या खिडकीवरचा गिलावा चौकटीसकट खाली आला. ते घर मला आवडतं, त्या खोट्या खिडकीवर तर माझा जीव आहे. तरी ते पडलं तर मी पेढे वाटीन, असं माझं मन म्हणतं. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकत्र राहतात आणि भांडत नाहीत.

गिलावा पडला तेव्हा खातं जागं झालं. आता तिथं एक तरुण साहेबीण आलीय, धारवाडकडची, कडक. तिनं भिंत बघितली आणि विचारलं, चुन्याच्या भिंतीवर सिमेंट कोणी मारलं? काम पुन्हा निघालं आणि दैवाचा खेळ बघा, ते मिळालं माणिकप्पाच्या मुलाला. अट एकच, जुन्यासारखा चुना. शहरातून तपासणीचा कागद आला, त्यात चुना किती, वाळू किती, गूळ आहे, हिरडा आहे, सगळं होतं. चुना किती दिवस झोपू द्यायचा आणि गूळ कधी घालायचा, ते कागदाला कुठून कळणार? मुलानं तीनदा गिलावा चढवला, तीनदा त्याला भेगा गेल्या. साहेबिणीनं सांगितलं, पुढच्या महिन्यापर्यंत जमलं नाही तर काम काढून घेईन आणि बापाच्या वेळची फाईलही उघडीन.

यंदा येळवशीला आमच्या कोपीत पंचवीसेक माणसं होती. शेजारचे पाटील, त्यांच्या सुना, माझ्या शाळेच्या दोन बाई, गावातली जुनी माणसं. दुपारी बांधावरून काठी टेकत एक म्हातारा येताना दिसला. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल. माणिकप्पा. दिवस त्यानं बरोबर निवडला होता. येळवशीला आलेल्याला कुणी हाकलत नाही, हे त्याला माहीत होतं. मी उठलेच होते. आईनं माझं मनगट धरलं आणि स्वतः घोंगडी झटकून अंथरली.

“ये की. बस. येळवशीला उब्यानं बोलत न्हाईत.”

तो बसला. तिनं पत्रावळ मांडली, भज्जी वाढली, उंडे कुस्करले, वर तेल सोडलं. तो खाली मान घालून जेवू लागला.  दोन घास खाऊन तो म्हणाला, “लचमाक्का, येक काम हुतं. चुन्याचं तेवडं सांग. पोरगं आडकून बसलंय. साहेबीण ऐकंना गेलीय.” ज्या बाईला त्यानं ‘ए’ म्हटलं, ‘रांड’ म्हटलं, तिला आज अक्का म्हणत होता.

“सांगते की,” आई म्हणाली. “माज्या टोपल्यातली भाकर चुन्यात कामून उलथी केलतास, कड्या कुनी नेल्या, त्ये आदी सांग. हितं. ह्यांच्याम्होरं.”

“आता त्ये कामून काडायलीस? झालं गेलं गंगेला मिळालं.”

“हितं कुटं हाय गंगा? हितं मांजरा नदी हाय. ती समदं मागारी आनून टाकती.”

कुणीतरी हसलं. पाटील म्हणाले, “बोल की अण्णा. येळवस हाय, खोटं कामून बोलायचं?” माणिकप्पानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. चाळीस वर्षं होत आली, मी त्या ओठांकडेच बघतेय. ते हलले. मला वाटलं आता येणार, आता बाहेर येणार. 

“माजं वय झालंय, अक्का,” तो म्हणाला. “मला काय आटवंना गेलंय.”

आईनं वगराळं भरून आंबिल त्याच्या वाटीत ओतलं. “मग पी. आंबिलानं डोस्कं थंड व्हतंय. आटवंल.” तो प्यायला. तिनं पुन्हा ओतलं. तो पुन्हा प्यायला. येळवशीचं वाढलेलं टाकता येत नाही. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा त्याच्या मिशांवरून थेंब गळत होते. जेवण झालं. काठीवर भार देऊन तो उठला, टॉवेलनं तोंड पुसलं, आणि तरीही विचारलंच, “मग चुन्याचं?”

“माजंबी वय झालंय,” आई म्हणाली. “मलाबी काय आटवंना गेलंय.”

तो बांधाबांधानं परत गेला. कुणी त्याला पोचवायला उठलं नाही. मला इतका आनंद झाला की मी उरलेली भज्जी उभ्यानंच खाल्ली. सुडाला चव असते, आणि ती भज्जीसारखीच असते, त्यात सगळं पडलेलं असतं.

संध्याकाळी भांडी भरून आम्ही गाडीवाटेनं घराकडं निघालो तेव्हा माळावर बंगला दिसत होता, तीन धुराडी आणि ढासळलेली खिडकी. मला त्याची अचानक दया आली. म्हटलं, “माय, भिंत पडंल की गं. खरंच सांगनार न्हाईस?”

“सांगीन की. मी कवा न्हाई म्हनलं? भिंतीनं माजं काय वाईट केलंय?” ती दोन पावलं चालली. “त्येला आटवलं तर त्येला सांगीन. न्हाई आटवलं तर त्यो गेल्यावर साहेबिणीला सांगीन. त्येच्या आदी मी काय मरत न्हाई.”

आईला डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लावून दिली त्याला सात-आठ वर्षं झाली. रोज सकाळी मी तिच्यामागं गोळी घेऊन फिरायची, आणि ती ओसरीवरच्या तुळशीच्या मातीत खुपसून टाकायची, हे मला ठाऊक होतं. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती चुलीपुढं बसली होती, शेजारी पाण्याचा तांब्या. गोळी तिनं स्वतःच काढून गिळली होती. मला विचारलं, “ही येकच हाय, का सांजंलाबी घ्यायची?” तेव्हापासून तिनं एक दिवस चुकवलेला नाही.